निखाऱ्याच्या रंगाचे झाड : ज्याने एका देशाला नाव दिले आणि स्वतः नामशेष होण्याच्या वाटेवर आले

१/ देशांची नावे बहुधा लोकसमूहांवरून, नद्यांवरून किंवा राजवंशांवरून पडतात. बाजारात वजनावर विकल्या जाणाऱ्या मालावरून नाव पडलेले देश थोडे. त्यांतला सर्वांत मोठा देश म्हणजे ब्राझील. ज्या झाडाच्या लाकडावरून हे नाव आले, ते झाड आज संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. पाच शतकांत या झाडाला अनेक धनी मिळाले आणि त्याच्या रक्षणासाठी कडक कायदेही झाले. तरीही ते वाचले नाही. असे का झाले, हे या धाग्यात पाहू.

२/ प्रथम झाडाची ओळख. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘पाऊ-ब्राझिल’ म्हणतात. ‘पाऊ’ म्हणजे लाकूड. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या पर्जन्यवनात, उत्तरेच्या रिओ ग्रांदे दो नॉर्ते प्रांतापासून दक्षिणेस रिओ द जानेरोपर्यंतच ते निसर्गतः उगवते. जगात अन्यत्र कुठेही नाही. चिंच आणि गुलमोहर यांच्या कुळातले हे झाड. खोडावर आणि फांद्यांवर काटे, शेंगाही आपल्याकडच्या सागरगोट्याच्या शेंगांसारख्या काटेरी, फुले पिवळी व सुगंधी आणि त्यांतल्या एका पाकळीवर लाल डाग. वाढ अत्यंत संथ.

३/ या झाडाचे सारे मोल त्याच्या गाभ्यात. बाहेरचे लाकूड फिकट, आतला गाभा मात्र नारिंगी-तांबडा. त्यात ब्राझिलिन नावाचे द्रव्य असते. हवेशी संयोग झाला की त्याचे ब्राझिलीन या तांबड्या रंगद्रव्यात रूपांतर होते. गाभ्याचा भुगा पाण्यात उकळून, तुरटीची जोड दिली की लोकर आणि रेशीम लाल रंगते. ‘ब्राझील’ हा शब्द निखारा या अर्थाच्या ‘ब्राझा’ या शब्दाशी जोडला जातो. तुपी लोकांचे या झाडासाठीचे नाव त्याहून सरळ होते : ‘इबिरापितांगा’, म्हणजे तांबडे झाड.

४/ आता एक चमत्कारिक गोष्ट. ‘ब्राझील’ हा शब्द ब्राझील देशाहून जुना आहे, आणि त्याचे मूळ आपल्या बाजूला आहे. युरोपातले रंगारी मध्ययुगात ज्या लाकडाला या नावाने ओळखत, ते आशियातून जात असे. ते आपले पतंगाचे लाकूड. (हा पतंग आकाशात उडणारा नव्हे, तांबड्या रंगाचे लाकूड देणारा काटेरी वृक्ष.) मार्को पोलोने तेराव्या शतकात कोल्लमच्या पतंगाची वाखाणणी केली आहे. पूर्वेकडून नेलेले त्याचे बी व्हेनिसमध्ये पेरून पाहिले, पण तिथल्या थंडीमुळे ते रुजले नाही, असेही तो सांगतो. केरळच्या खाणावळीत पेल्यात येणारे गुलाबी पाणी ज्या लाकडाच्या ढलप्यांनी रंगते, ते हेच.

५/ म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस तांबड्या लाकडाला युरोपात मागणी होती, नाव होते, भाव होता. फक्त ते फार दुरून आणि अनेक दलालांच्या हातांतून येत असे. वास्को द गामा कालिकतहून परतल्यावर पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाने दुसरे आरमार सिद्ध केले. ९ मार्च १५०० रोजी पेद्रो आल्व्हारेस काब्रालच्या नेतृत्वाखाली १३ जहाजे लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघाली. अनुकूल वारे गाठण्यासाठी ती अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे बरीच दूर गेली आणि २२ एप्रिलला त्यांना एका अनोळखी भूमीवरचा डोंगर दिसला.

६/ आरमारातला लेखनिक पेरो व्हाझ द कामिन्या याने १ मे रोजी राजाला या भूमीचे सविस्तर वर्णन लिहून पाठवले. ब्राझीलच्या लिखित इतिहासाचा आरंभ या पत्रापासून मानला जातो. पत्र घेऊन एक जहाज लिस्बनला परतले, बाकीची हिंदुस्थानाकडे निघाली. त्यांतली चार आफ्रिकेच्या टोकाजवळच्या वादळात बुडाली. उरलेल्यांतली बहुतेक कालिकतला पोहोचली आणि त्या डिसेंबरात तिथल्या पोर्तुगीज वखारीवर हल्ला झाला. त्यात कामिन्या मारला गेला. ब्राझीलचा पहिला वृत्तलेखक मलबारच्या मातीत संपला. दोन किनाऱ्यांच्या इतिहासाची गाठ इतकी जवळची आहे.

७/ नव्या भूमीचे पहिले नाव धार्मिक होते : ‘व्हेरा क्रूझ’, खरा क्रूस. लवकरच ते ‘सांता क्रूझ’, पवित्र क्रूस, असे झाले. १५०१ मध्ये तिची पाहणी करण्यासाठी जहाजे गेली. त्यांवर अमेरिगो व्हेस्पुची होता. सोने नाही, मसाले नाहीत, मात्र रंगाच्या लाकडाची झाडे अगणित, असा त्याच्या वृत्तांताचा सारांश. राजाचे सारे लक्ष काळ्या मिरीच्या व्यापाराकडे होते. त्याने १५०२ मध्ये या भूमीचा मक्ता फर्नांव द लोरोन्या या व्यापाऱ्याला आणि त्याच्या भागीदारांना दिला. दरवर्षी सहा जहाजे पाठवावीत, किनाऱ्याचा शोध पुढे न्यावा आणि गढी बांधावी, अशा अटी होत्या. एका विस्तीर्ण प्रदेशाचा पहिला कारभार लाकडाच्या मक्त्यातून सुरू झाला.

८/ हा व्यापार चाले कसा? किनाऱ्यावर वखार, तिच्यात मोजकी माणसे, आणि जहाज येईपर्यंत रचून ठेवलेले ओंडके. १५११ मध्ये ‘ब्रेतोआ’ नावाचे जहाज लिस्बनहून काबो फ्रिओच्या वखारीला आले. त्याची हिशेबवही सुदैवाने शिल्लक आहे. परतताना त्यावर ५,००० हून अधिक ओंडके होते. सोबत पोपट, माकडे आणि मांजरकुळातले प्राणी. आणि त्याच वहीत, त्याच मालाच्या रांगेत, गुलाम केलेली सुमारे ३५ माणसेही नोंदलेली आहेत. रंग, पक्षी आणि माणूस, तिघांनाही एकाच लेखणीने भाव लावला होता.

९/ झाडे तोडत कोण होते? पोर्तुगीज नव्हेत. अरण्यात झाड शोधणे, ते पाडणे, साल व बाहेरचे फिकट लाकूड तासून गाभा वेगळा करणे आणि ओंडके उघड्या खांद्यांवरून डोंगर ओलांडून किनाऱ्यापर्यंत आणणे, हे सारे काम तुपी भाषक लोकांचे. मोबदल्यात लोखंडी कुऱ्हाडी, सुऱ्या, कापड, आरसे, फण्या. या सौद्याला भोळेपणा म्हणणे चुकीचे ठरेल. दगडी हत्यारे आणि आग यांच्या साह्याने झाड पाडणाऱ्या समाजासाठी लोखंडी कुऱ्हाड म्हणजे कित्येक दिवसांच्या श्रमांची बचत होती. पण तीच कुऱ्हाड अरण्याचा अंत जवळ आणत होती. पहिल्या शतकातच सुमारे २० लाख झाडे पडली असावीत, असा वॉरन डीन या पर्यावरण-इतिहासकाराचा अंदाज आहे.

१०/ पोर्तुगीजांचा मक्ता फ्रेंचांनी कधी मानला नाही. नॉर्मंडीतल्या रुआँ आणि दिएप बंदरांतली जहाजे थेट तुपिनांबा लोकांशी सौदा करीत. रुआँ हे कापडाचे नगर. तिथल्या रंगाऱ्यांना लाल रंग हवा होता. १५५० मध्ये राजा दुसरा हेन्री आणि राणी कॅथरीन यांच्या स्वागतासाठी या नगराने सीन नदीकाठी चक्क एक ब्राझिलियन गाव उभारले. सुमारे ५० आदिवासी आणि त्यांच्या वेशातले (खरे तर विवस्त्र) खलाशी तिथे झाडे तोडण्याचा, ओंडके वाहण्याचा आणि सौदा करण्याचा देखावा करीत होते. नगराच्या संपत्तीचा उगम राजाला दाखवायचा होता.

११/ सात वर्षांनंतर जाँ द लेरी हा तरुण फ्रेंच प्रोटेस्टंट आजच्या रिओजवळच्या ग्वानाबारा उपसागरात पोहोचला आणि काही महिने तुपिनांबांच्या सहवासात राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५७८ मध्ये छापला गेला. त्यात एक गमतीचा प्रसंग आहे. त्यांच्यापैकी एकाने सदरे पांढरे शुभ्र व्हावेत म्हणून राखेच्या पाण्यात भिजवले. राख नेमकी याच लाकडाची निघाली! सदरे असे लाल झाले की कितीही धुतले तरी रंग जाईना.

१२/ पण लेरीच्या ग्रंथातला अविस्मरणीय भाग वेगळा आहे. एका वृद्ध तुपिनांबाने त्याला विचारले : तुम्ही इतक्या दुरून लाकडासाठी का येता? तुमच्या देशात जळणाला लाकूड नाही का? लेरीने सांगितले की लाकूड जाळण्यासाठी नव्हे, कापड रंगवण्यासाठी हवे. मग इतके कशाला? तर आमच्याकडे असे व्यापारी आहेत, की एकच जण सारी जहाजे भरून माल विकत घेतो. तो मेल्यावर हे धन कोणाचे? मुलाबाळांचे. वृद्ध म्हणाला, तर मग तुम्ही वेडे आहात. आम्हालाही मुले आहेत आणि ती आम्हाला प्रिय आहेत. पण ज्या भूमीने आम्हाला पोसले ती त्यांनाही पोसेल, या भरवशावर आम्ही निश्चिंत असतो.

१३/ हा संवाद लेरीने कितपत घासूनपुसून मांडला, यावर वाद होऊ शकतो. तो स्वधर्मीय युरोपियनांनाही टोचून बोलत होता, हे उघड आहे. तरीही त्या वृद्धाचा प्रश्न या झाडाच्या साऱ्या इतिहासाला लागू पडतो : इतके लाकूड नेमके कोणासाठी? पुढच्या प्रत्येक शतकाने या प्रश्नाचे आपापले उत्तर दिले.

१४/ फ्रेंचांचा वावर वाढल्यामुळे पोर्तुगालला केवळ वखारींवर भागेना. १५३० मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा आरमार घेऊन निघाला आणि १५३२ मध्ये त्याने साव व्हिसेंते ही पहिली कायम वसाहत स्थापली. हे नाव गोव्याच्या इतिहासाच्या वाचकांना परिचित असेल. १५३४ मध्ये हाच सौझा हिंदुस्थानात आला. त्याच्यासोबत वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्याला आला. १५४२ ते १५४५ या काळात सौझा पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. लिस्बनच्या दृष्टीने मांडवीचा काठ आणि ब्राझीलचा किनारा ही एकाच पटावरची घरे होती.

१५/ वसाहतींबरोबर ऊस आला. आता नुसती निवडक झाडे पडेनात. उसासाठी सबंध रान जाळून मोकळे होऊ लागले आणि चुलाणांसाठी सरपण म्हणून उरलेले रानही जाऊ लागले. मळ्यांना राबणारे हात हवे होते. कुऱ्हाडीच्या बदल्यात लाकूड देणाऱ्या माणसांना गुलाम करण्याचे प्रमाण वाढले. त्यातच युरोपातून आलेल्या साथींनी गावेच्या गावे ओस पडली. पुढे आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. रंगाच्या लाकडाचा व्यापार चालूच राहिला, पण आता किनारा ओसाड झाल्याने झाड शोधायला अधिकाधिक आत जावे लागे.

१६/ याच काळात भूमीचे नावही बदलून गेले. खलाशी आणि व्यापारी ‘सांता क्रूझ’ म्हणेनात. ते ‘लाकडाचा देश’ म्हणत. पोर्तुगीजांच्या आशियातल्या पराक्रमाचा बखरकार जुआंव द बारोस याने १५५२ मध्ये यावर खेद व्यक्त केला : ज्या लाकडावर तारणहाराने देह ठेवला त्याचे नाव पुसून कापड रंगवणाऱ्या लाकडाचे नाव चढले, ही सैतानाचीच करणी. भाषेने मात्र बाजाराची बाजू घेतली. पोर्तुगीजमध्ये ब्राझीलच्या माणसाला ‘ब्राझिलेइरो’ म्हणतात. ‘एइरो’ हा प्रत्यय मुळात धंदा दाखवणारा, आपल्या ‘लाकूडवाला’मधल्या ‘वाला’सारखा. एका राष्ट्राच्या नागरिकांची ओळख मूळ अर्थाने लाकडाच्या धंद्यातली आहे.

१७/ युरोपात पोहोचल्यावर या ओंडक्यांचे काय होई? गाभा दगडासारखा कठीण. त्याचा भुगा करणे हे हाडे खिळखिळी करणारे काम. ॲमस्टरडॅमने त्यासाठी १५९६ मध्ये उघडलेल्या सुधारगृहातले कैदी वापरले. दुहेरी मुठीच्या करवतींनी ते दिवसभर लाकूड किसत आणि तो लाल भुगा रंगाऱ्यांना विकला जाई. त्या तुरुंगाचे नावच पडले ‘रास्पहाउस’, किसणाऱ्यांचे घर. अरण्यात तुपी माणसाचा खांदा आणि युरोपात कैद्याचे मनगट. त्या सुंदर लाल वस्त्रामागे असे श्रम होते.

१८/ आता या कथेतल्या सर्वांत विलक्षण कागदाकडे येऊ. १२ डिसेंबर १६०५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही राज्यांच्या राजाने या लाकडाविषयी एक नियमावली काढली. लेखी परवान्याशिवाय झाड तोडायचे नाही. ही झाडे असलेल्या रानात आग लावून शेती करायची नाही. बुंध्यातून पुन्हा फुटवा येईल अशा रीतीने तोड करायची. परवान्यापेक्षा १०० किंताल, म्हणजे सुमारे सहा टन, अधिक तोडल्यास देहदंड आणि मालमत्ता जप्त. त्याहून कमी असेल तर फटके, अंगोलात हद्दपारी किंवा दंड. ब्राझीलचा पहिला वनकायदा म्हणून याचा उल्लेख केला जातो.

१९/ वाचताना वाटते, १६०५ मध्ये इतकी दूरदृष्टी! पण कायद्याचा हेतू पाहा. झाडे विरळ होत चालल्याची नोंद त्यात आहे, आणि काळजी आहे ती राजाच्या मक्त्याची. चोरटी तोड थांबवायची, कारण तीत राजाचा वाटा बुडतो. फुटवा राखायचा, कारण उद्याही तोडायचे आहे. अरण्याचा किंवा त्यातल्या माणसांचा विचार त्या कागदात नाही. म्हणूनच परवानाधारक तोड अखंड चालू राहिली, उसासाठी इतरत्र रान जळत राहिले आणि किनाऱ्याच्या निर्जन खाड्यांतून चोरटी जहाजेही भरत राहिली. खजिना राखण्यासाठी केलेल्या कायद्याने खजिना काही काळ राखला. झाड राखणे हे त्याचे कामच नव्हते.

२०/ ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाला, तरी या लाकडावरची सरकारी मक्तेदारी टिकली. ती संपली १८५९ मध्ये. तोवर बाजाराचे चित्र पालटू लागले होते. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने हिवतापावरचे औषध शोधताना अपघाताने जांभळा कृत्रिम रंग बनवला. त्यापाठोपाठ डांबरापासूनचे रंग आले आणि लाकडाच्या रंगाला कोणी विचारीना. इथे झाडाची सुटका व्हायला हवी होती. पण तोवर त्याला दुसरा ग्राहक मिळाला होता.

२१/ हा ग्राहक म्हणजे संगीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रांस्वा झाव्हिए तुर्त या कारागिराने व्हायोलिनच्या गजाला आजचे रूप दिले. त्यासाठी त्याने हेच लाकूड निवडले; वादकांच्या जगात ते ‘पेर्नांबुको’ म्हणून ओळखले जाते, कारण ते ब्राझीलच्या त्या प्रांतातून येई. ते जड आणि कणखर, तरीही लवचिक. उष्णता देऊन वाकवले की तो बाक वर्षानुवर्षे टिकतो. दोनशे वर्षे उत्तम गजाचे लाकूड म्हणजे पेर्नांबुको हे समीकरण राहिले. रंगाच्या तुलनेत गजांना लाकूड थोडे लागते. पण प्रश्न असा, की तोवर झाडे उरली होती किती?

२२/ ऊस, कॉफी, गुरांची कुरणे आणि शहरे यांनी अटलांटिक पर्जन्यवनाचा बहुतांश भाग गिळला आहे. मूळ वनाचा जेमतेम आठवा भाग शिल्लक आहे, तोही तुकड्यातुकड्यांत. १९७८ मध्ये ब्राझीलने या झाडाला राष्ट्रीय वृक्ष घोषित केले आणि ३ मे हा त्याचा दिवस ठरवला. १९९२ मध्ये तेच झाड देशाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या अधिकृत यादीत आले. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीकुल दिले : ‘पाउब्राझिलिया’. १७८५ मध्ये लामार्कने दिलेले ‘एकिनाटा’, म्हणजे काटेरी, हे विशेषण कायम राहिले.

२३/ २००७ मध्ये हे झाड वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. कच्च्या लाकडाला परवाना लागू झाला. तयार गजांना मात्र सूट होती. २०२२ मध्ये पनामातील परिषदेत ब्राझीलने अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टाची मागणी केली. वादक आणि कारागीर चिंतेत पडले : हातातला जुना गज घेऊन सीमा ओलांडता येईल का? अखेर झाड दुसऱ्याच परिशिष्टात राहिले, पण ब्राझीलमधून बाहेर जाणाऱ्या तयार गजांनाही परवाना आवश्यक झाला. इथे कोणतीही बाजू खलनायकाची नाही. गज बनवणाऱ्यांनीच संघटना उभारून रोपे लावायला मदत केली आहे. पण आज लावलेल्या रोपाचा गाभा गजाजोगा व्हायला कित्येक दशके जावी लागतात.

२४/ मग आज हे झाड पाहायचे कुठे? काब्राल जिथे उतरला, त्या पोर्तो सेगुरोजवळ १९९९ मध्ये ‘पाऊ-ब्राझील राष्ट्रीय उद्यान’ स्थापन झाले. दक्षिण बाहियात जुन्या पद्धतीच्या कोकोच्या बागा आहेत, त्यांना ‘काब्रुका’ म्हणतात. तिथे मोठी रानझाडे तशीच राखून त्यांच्या सावलीत कोको लावतात. त्या सावलीत काही जुने पाऊ-ब्राझील अजून उभे आहेत. ते टिकले यात शेतकऱ्याच्या सावलीच्या गरजेचा वाटा मोठा आहे. झाड उभे राहण्यातच कोणाचे तरी हित असेल, तर ते वाचते.

२५/ मित्रहो, हा धागा लिहिण्याचे कारण एवढेच. आपण इतिहासात ‘संरक्षणाचे’ जुने आदेश वाचतो आणि हरखून जातो. प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारावा : हे कोणासाठी राखले जात होते? १६०५ च्या आदेशात उत्तर होते, राजाच्या मक्त्यासाठी. त्याआधी अर्धे शतक एका तुपिनांबा वृद्धाने, भूमी आपल्या मुलांनाही पोसेल, असा भरवसा बोलून दाखवला होता. त्याच्या मुलांच्या वाट्याला ती भूमी आली नाही, आणि त्या झाडाच्या वाट्याला मूळ वनाचा आठवा हिस्साही पुरता आला नाही. यापुढे केरळात गुलाबी पाण्याचा पेला हाती आला किंवा मैफलीत व्हायोलिनचा गज तारांवरून फिरताना दिसला, तर त्या तांबड्या झाडाची आणि त्या वृद्धाची आठवण ठेवा.